चारचौघांत गप्प, पाकिटात बोलके

दहावीत असताना विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा आमच्या वर्गात अर्धाच शिकवला गेला. फुलाचं प्रजनन झालं, परागकण झाले, फळ्यावर जास्वंदीची आकृतीही काढून झाली. मग माणसाचं पान आलं. सरांनी खडू ठेवला आणि पुढचं घरी वाचून घ्या म्हणाले. मागच्या बाकांवर खसखस पिकली, मुली वहीत तोंड घालून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट पुढचा धडा सुरू झाला. शाळा वैजापूर तालुक्यातलीच. नाव सांगत नाही, कारण तुमच्या शाळेतही थोड्याफार फरकाने हेच झालं असणार.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा सहज म्हणून कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, की शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं का? निळ्या टिका पडत गेल्या. दोन हसणारे इमोजी आले. एकाने क्रिकेटचा व्हिडिओ टाकून विषयच बदलला. रात्री साडेदहानंतर मात्र फोन वाजायला लागला. ग्रुपवर नाही, वैयक्तिक. एका मैत्रिणीला पाळीच्या त्रासाबद्दल विचारायचं होतं, पण घरी कुणाला आणि कसं, ते कळत नव्हतं. एका मित्राने सातवी-आठवीपासून मनात धरलेली भीती सांगितली आणि शेवटी लिहिलं, की कुणाला सांगू नको.

म्हणजे एकाच ग्रुपची दोन मतं. एक चारचौघांत द्यायचं, दुसरं एकट्यात. यातलं खरं लोकमत कोणतं?

हा प्रश्न ज्यांच्या आयुष्याला पुरून उरला असा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. पेशाने गणिताचे प्राध्यापक. नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

मोठ्या बापाचा मुलगा

कर्वे म्हटलं की आपल्याला आधी महर्षी आठवतात. विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू करणारे, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालेले धोंडो केशव कर्वे. रघुनाथ त्यांचा थोरला मुलगा. जन्म १४ जानेवारी १८८२, गाव कोकणातलं मुरुड, दापोलीजवळचं.

रघुनाथ नऊ वर्षांचा होता तेव्हा आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळात ही काही बातमी नव्हती. घराघरात हेच चाललेलं. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. हीच पुढे आनंदीबाई, घरातली बाया. मुरुडच्या लोकांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या पोराने गाव आपल्याशी बोलणं बंद करतं म्हणजे काय होतं, ते तेव्हाच पाहिलं.

पोरगा हुशार. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९०४ मध्ये बीए झाला. गणित हा आवडीचा विषय. शिकवायला लागला, पॅरिसला जाऊन गणिताचा आणखी अभ्यास करून आला. मुंबईत विल्सन कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. चांगला पगार, मान, गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज. आजच्या भाषेत, सेटल्ड.

नोकरी की मत

पण सेटल्ड होणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. फ्रेंच चांगलं येत होतं, त्यामुळे युरोपात शरीरशास्त्रावर आणि संततिनियमनावर जे लिहिलं जात होतं ते त्यांच्या वाचनात आलं. आपल्याकडच्या बायका बाळंतपणामागून बाळंतपण काढत मरतात, गुप्तरोगांबद्दल लोक तोंड उघडत नाहीत, भोंदू वैद्य याच गप्प बसण्यावर पैसे कमावतात, हे ते रोज बघत होते. पेनिसिलिनचा शोधही तेव्हा लागायचा होता. गुप्तरोग झाला तर तो बायकोला आणि पुढे पोटातल्या मुलालाही होणार, पण नवरा बोलणार नाही आणि बायकोला कळणार नाही, अशी अवस्था.

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं पहिलं. याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असंच केंद्र उघडलं होतं. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये हे धाडस केलं तेव्हा पोलिसांनी काही दिवसांतच दरवाजे बंद केले होते. म्हणजे बघा, आपला गिरगावचा गणिताचा मास्तर जगाच्या मागे नव्हता, बरोबरीने चालत होता. १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तकही लिहिलं.

विल्सन हे मिशनऱ्यांचं कॉलेज. आपल्या प्राध्यापकाने असल्या विषयावर जाहीर लिहावं-बोलावं हे व्यवस्थापनाला पटलं नाही. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा तो मामला होता. कर्व्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. वय ४३. नियमित पगार गेला तो गेलाच.

इथे मालतीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. त्यांच्या पत्नी. दोघांनी मिळून मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. आजही लग्नाला वर्ष झालं की आपल्याकडे शेजारपाजारचे विचारायला लागतात. शंभर वर्षांपूर्वी त्या बाईंना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा अंदाज करा. रघुनाथरावांचं नाव चरित्रांत, नाटकांत राहिलं. घर कसं चाललं याचा हिशोब मात्र मालतीबाईंकडे होता.

एक मासिक, एक माणूस

जुलै १९२७ मध्ये समाजस्वास्थ्य सुरू झालं. छोटं मराठी मासिक. लेख लिहायचे कर्वे, भाषांतर करायचे कर्वे, प्रुफं तपासायचे कर्वे, पैशांची जुळवाजुळव करायचे तेही कर्वेच. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा नग्न स्त्रीचं चित्र असे. शरीर ही लाज वाटण्याची गोष्ट नाही हे त्यांना ठासून सांगायचं होतं. पण या एका चित्रामुळे कित्येकांनी आतलं पान उघडलंच नाही, हेही तितकंच खरं असावं.

आत काय असे? गर्भधारणा कशी होते, ती टाळायची कशी, गुप्तरोग कशाने होतात, वेश्याव्यवसायाकडे कसं बघावं, स्त्रीच्या इच्छेला काही किंमत आहे की नाही. शारदेची पत्रे नावाचं एक सदर ते स्वतःच बाईच्या नावाने लिहीत. देव, धर्म, परंपरा यांच्यावर त्यांची लेखणी चालली की सुटका नसे. त्यांचे सगळे विचार आज आपल्याला पटतीलच असं नाही. नग्नतेचा त्यांनी केलेला पुरस्कार वाचून आजचाही वाचक दचकेल. भाषा कोरडी आणि टोकदार. समोरच्याला गोंजारून आपल्याकडे वळवावं, हे त्यांना जमलं नाही आणि त्यांनी तसा प्रयत्नही केलेला दिसत नाही. गणितात उत्तर बरोबर असतं किंवा चूक. समाजालाही त्यांनी तसंच सोडवायला घेतलं.

पण या मासिकातली सगळ्यात महत्त्वाची जागा मला वाटते ती प्रश्नोत्तरांची. लोक पत्राने प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं छापायचे. जे नवरा-बायको एकमेकांशी बोलू शकत नव्हते, जे मुलगे बापाला विचारू शकत नव्हते, ते पाकिटावर तिकीट लावून एका अनोळखी प्राध्यापकाला विचारत होते. कर्वे न हसता, न रागावता, उपदेश न करता सरळ उत्तर द्यायचे.

म्हणजे लोकमत दोन प्रकारचं होतं. सभेत आणि वर्तमानपत्रात कर्वे बदनाम. टपालपेटीत मात्र त्यांना मागणी. अडचण एकच, की पाकिटातलं मत मोजता येत नाही आणि वेळ आली की ते साक्षीला उभं राहत नाही.

वकील: डॉ. आंबेडकर

वेळ यायची ती आलीच. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

१९३४ मध्ये पुन्हा खटला. या वेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध, असे ते विषय. नीट लक्षात घ्या. खटला कथेवर नव्हता, चित्रावर नव्हता. कुणीतरी घाबरून विचारलेल्या शंकेला शास्त्रीय उत्तर दिलं, यावर होता.

त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या, पुणे करार होऊन दीड-दोन वर्षं झाली होती, देशभर त्यांचं नाव झालेलं होतं. अशा नेत्याने हा खटला घेणं राजकारणाच्या हिशोबात तोट्याचं होतं. तरी त्यांनी घेतला. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान देणं हाच त्यावरचा उपाय आहे, असा बचावाचा गाभा होता.

खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

वैजापूरच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा आपलं वैजापूर निजामाच्या राज्यात होतं आणि शेजारचं येवलं, कोपरगाव ब्रिटिश मुंबई इलाख्यात. या खटल्यानंतर पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, बाबासाहेबांनी आपल्या या शेजारच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. आपण दरवर्षी ती तारीख ऐकतो. पण येवल्याच्या सभेतला तोच माणूस वर्षभरापूर्वी एका एकाकी मासिकवाल्याची फाइल घेऊन कोर्टात उभा होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

त्यांनी विषय तिथे सोडलाही नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. मांडला नगर जिल्ह्याचे आमदार प्रभाकर रोहम यांनी. सभागृहाने तो मोठ्या फरकाने फेटाळला. बाईला मूल कधी हवं, हवं की नको, हे ठरवायला तिच्याकडे साधन असावं, असं मत देणारे हात तेव्हा थोडेच वर गेले.

समोरची बाजू

विरोध करणारे सगळे वाईट होते असं समजायचं कारण नाही. महात्मा गांधींचंही कृत्रिम साधनांबद्दल प्रतिकूल मत होतं. त्यांचा मार्ग संयमाचा, ब्रह्मचर्याचा. १९३५ च्या डिसेंबरमध्ये मार्गारेट सँगर त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या, बोलणं झालं, पण दोघांची मतं जुळली नाहीत. तरुण मुलं बिघडतील, घरं मोडतील, ही भीती अनेकांच्या मनात प्रामाणिक होती. आजच्या पालकांच्या मनातही ती आहे. माझ्या आईच्याही आहे.

कर्व्यांचं म्हणणं वेगळं होतं. ज्ञान नसलं तर माणूस संयमी होत नाही, फक्त अडाणी राहतो आणि त्या अडाणीपणाची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते, असा त्यांच्या लिखाणाचा सूर. त्यांच्या आधीच्या पिढीने विधवेचं दुःख बघितलं. त्यांनी त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन, सौभाग्यवती बाईचं दुःख बघितलं. वडिलांच्या कामाला पुढे टाळ्या मिळाल्या, विद्यापीठ मिळालं, भारतरत्न मिळालं. मुलाला मिळाले दोन दंड आणि तोट्यातलं मासिक.

अगदीच एकटे मात्र नव्हते ते. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला परांजपे त्यांच्या कामात सामील झाल्या, संततिनियमनाचा प्रचार त्यांनी पुढे अनेक वर्षं केला आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मासिक निघत राहिलं. महायुद्ध आलं, स्वातंत्र्य आलं, मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला, समाजस्वास्थ्य निघतच होतं.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विचारापायी मुंबईतल्या एका प्राध्यापकाची नोकरी गेली होती, तोच विचार आता पंचवार्षिक योजनेत आला. दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, रघुनाथराव गेले. वय ७१. पंच्याण्णव वर्षांचे वडील हयात होते. नोव्हेंबर १९५३ चा अंक हा समाजस्वास्थ्यचा शेवटचा. चालवणारा माणूसच एक होता. तो गेला आणि मासिक थांबलं.

पुढे अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ध्यासपर्व हा चित्रपट केला. आपल्या छत्रपती संभाजीनगरचे लेखक अजित दळवी यांनी समाजस्वास्थ्य हे नाटक लिहिलं, अतुल पेठे यांनी ते बसवलं. जिवंतपणी कोर्टात हरलेला माणूस साठ-सत्तर वर्षांनी रंगमंचावर टाळ्या घेऊन गेला.

निकाल अजून लागायचाय

मग गोष्ट संपली का? नाही ना.

२००७ मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांत यायचा होता. एचआयव्हीची भीती होती, शरीरातले बदल मुलांना नीट कळावेत असा हेतू होता. महाराष्ट्रात विधिमंडळात गदारोळ झाला, पुस्तिकांमधल्या चित्रांवर आक्षेप आले आणि सरकारने कार्यक्रम थांबवला. आणखी काही राज्यांनीही तेच केलं. पुन्हा चित्रंच! आतलं पान उघडायच्या आधीच पुस्तक बंद.

त्यानंतर २०१२ मध्ये पोक्सो कायदा आला. १८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराला कडक शिक्षा आहे. पण आपल्यासोबत जे झालं तो गुन्हा आहे, हे ओळखायला मुलाकडे आधी शब्द तर हवेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ज्या विषयावर उत्तर छापलं म्हणून १९३४ मध्ये दंड झाला होता, तो विषय कायद्याच्या लेखी निवळायला ८४ वर्षं लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज आणि त्याबद्दलचे गैरसमज, दोन्हींवर स्पष्ट लिहिलं. कायदा पुढे सरकलाय. वर्गातला खडू मात्र त्याच पानावर थांबतो.

आणि हे फक्त शहरी विषय आहेत असं वाटत असेल तर आपल्या आजूबाजूला बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत प्रमाण याहून जास्त आहे. माझ्या वर्गातल्या ज्या मुली तो धडा घरी वाचणार होत्या, त्यातल्या दोघींची लग्नं बारावीच्या आत झाली. एकीला पहिलं मूल झालं तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ती माझ्याच वयाची. तिला घरी वाचायला कुणी वेळ दिला असेल?

ज्यांची लग्नं झाली नाहीत त्यांनी मोबाइल उघडला. तिथे सगळं दिसतं, पण शंकेला उत्तर कुणी देत नाही. समोरच्याचा नकार म्हणजे नकार, हे तर तिथे अजिबातच शिकवत नाहीत.

लोकमत तयार नाही, हे कारण कर्व्यांनाही दिलं गेलं आणि २००७ मध्येही दिलं गेलं. कर्व्यांनी एक गोष्ट ओळखली होती. चारचौघांतलं लोकमत तयार होईपर्यंत थांबलं, तर पाकिटातली माणसं तोवर उत्तरावाचून राहतात. म्हणून ते उत्तर देत राहिले. २६ वर्षं.

त्या रात्री आलेल्या मेसेजना मी काय उत्तर दिलं? खरं सांगते, सगळं मलाही येत नव्हतं. मैत्रिणीसोबत सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलं. मित्राला एवढंच लिहिलं, की तू ज्याला घाबरतोस तो आजार नाही, तरी डॉक्टरला एकदा विचार, हसणार नाहीत. त्याचं उत्तर आलं, थँक यू. मग थोड्या वेळाने दुसरा मेसेज. ग्रुपवर तो प्रश्न पुन्हा टाक, या वेळी मी बोलतो.

टाकलाय. निळ्या टिका पडतायत. एक जण टाइप करतोय.